सर्व्हरवरची डिस्क आपल्या संगणकाला जोडताना



प्रभागसंघांच्या कचेऱ्यांत संगणक सांभाळणाऱ्या आणि आमच्याबरोबर रेकॉर्डिंग करणाऱ्या तायांकडून आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असतो. ‘संगणकाची डिस्क भरली. सर्व्हरवर भरपूर जागा आहे म्हणतात. ती जागा आमच्या संगणकाला कशी जोडायची?’ आज त्याचं उत्तर सावकाश देतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरं, कारण मध्ये काही नावं आणि आकडे येतील.

आधी शब्द नीट करून घेऊ. सर्व्हर म्हटलं की वातानुकूलित खोलीतलं मोठं कपाट डोळ्यापुढे येतं. तसं काही लागत नाही. जो संगणक आपली जागा दुसऱ्यांना वापरायला देतो तो सर्व्हर. कोपऱ्यात ठेवलेला जुना संगणक असेल, किंवा दोन-चार डिस्क बसवलेली छोटी पेटी असेल, जिला दुकानात नॅस म्हणतात. आणि जो संगणक ती जागा मागतो तो क्लायंट. तुमच्या टेबलावरचा, ज्यावर तुम्ही काम करता, तो. आजचं सगळं बोलणं या क्लायंटच्या बाजूचं आहे. सर्व्हर कुणीतरी मांडून दिलेला आहे असं धरून चालू.

जागा इतकी का लागते, तेही सांगतो. सीडीच्या दर्जाचं, दोन्ही कानांचं, न दाबलेलं रेकॉर्डिंग एका मिनिटाला सुमारे १०.५ एमबी जागा खातं, म्हणजे तासाला सुमारे ६३५ एमबी. तेच एमपी-३ मध्ये १२८ केबीपीएसने दाबलं तर तासाला ५८ एमबीच्या आत बसतं. आता सामुदायिक रेडिओच्या परवानगीत एक अट असते, की प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. रोज आठ तास प्रसारण धरलं, तर तीन महिन्यांचे दाबलेले कार्यक्रम सुमारे ४१ जीबी होतात आणि न दाबलेले साडेचारशे जीबीच्या वर जातात. शिवाय तीन महिन्यांनी पुसायचे नाहीत असेही कार्यक्रम असतातच. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीचा आवाज दाबून ठेवायला आमचं मन तयार होत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. ते काम आज पाहिलं की लक्षात येतं, यातल्या कितीतरी बायका पुन्हा म्हणून दाखवायला आता नाहीत. तुमच्या डिस्कवरही असं काहीतरी असेल. संघाच्या दहा वर्षांच्या सभांचं इतिवृत्त, कर्जाच्या नोंदी, फोटो. म्हणून जोडणी करताना कुठलं बटण जपून दाबायचं हे कळलं पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हरवरची जागा दोन रीतींनी मिळते आणि त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली रीत म्हणजे फोल्डर वाटून घेणं. समजा गावातल्या एका घरी धान्याची कोठी आहे आणि तिथे एक बाई वही घेऊन बसली आहे. तुम्ही म्हणता, ‘माझी ज्वारीची पिशवी ठेव.’ ती ठेवते, वहीत लिहिते. दुसरी कुणी येऊन म्हणते, ‘तांदूळ ठेव.’ तेही ती ठेवते. कुठल्या फळीवर काय आहे हे फक्त तिला ठाऊक. वही एक, लिहिणारी एक. म्हणून दहा जणी आल्या तरी गोंधळ होत नाही. विंडोजमध्ये ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ म्हणतात ती हीच रीत, आणि लिनक्सवाले एनएफएस म्हणतात तीही हीच.

दुसऱ्या रीतीत कोठीवर बाई नसते. तुम्हाला एक रिकामी खोली आणि तिची किल्ली मिळते. फळ्या तुम्ही मांडायच्या, वही तुम्ही ठेवायची. खोली दुसऱ्याच्या घरात असली तरी तुमच्या दृष्टीने ती तुमचीच. संगणकाच्या भाषेत सर्व्हर तुम्हाला फोल्डर न देता अख्खी डिस्कच देतो. ती तुमच्या संगणकात खरोखर आत बसवल्यासारखी दिसते, तुमचाच संगणक तिला फॉरमॅट करतो, तिच्यावर कुठे काय लिहायचं ते ठरवतो. या रीतीचं सगळ्यांत रुळलेलं नाव आयस्कझी. संगणकाने डिस्कशी बोलण्याची स्कझी नावाची जुनी भाषा होती, तीच नेटवर्कच्या वायरीतून बोलायची सोय म्हणजे आयस्कझी. तिचा अधिकृत नियम २००४ साली ठरला.

आता कल्पना करा, त्या एकाच खोलीच्या दोन किल्ल्या केल्या आणि दोघींना दिल्या. दोघींच्या वह्या वेगळ्या. पहिलीने तिसऱ्या फळीवर ज्वारी ठेवली आणि आपल्या वहीत लिहिलं. दुसरीच्या वहीत ती फळी रिकामीच आहे, तिने तिथेच तांदूळ ओतले. दोघीही प्रामाणिक, दोघींच्या वह्या बरोबर, आणि खोलीत मात्र सगळी मिसळ. आयस्कझीची एकच डिस्क दोन साध्या संगणकांनी एकाच वेळी लिहायला घेतली तर अगदी हेच होतं. पहिल्या दिवशी काही कळत नाही. फायली दिसतात, उघडतात. दोन-चार दिवसांनी एखादं रेकॉर्डिंग मध्येच खरखरतं, एखादं फोल्डर रिकामं दिसतं, आणि मग डिस्क उघडतच नाही. दोघांना मिळून एकच वही ठेवायला लावणाऱ्या खास व्यवस्था असतात, पण त्या मोठ्या संस्थांच्या. आपल्या कामाच्या नाहीत.

म्हणून आमचं मत विचाराल तर असं आहे. दोन-तीन जणींना त्याच फायली उघडायच्या असतील तर फोल्डरच घ्या, आयस्कझीच्या वाटेला जाऊ नका. संघाच्या कचेरीचं काम त्यात उत्तम भागतं. एकाच संगणकाला मोठी, स्वतःची डिस्क हवी असेल, म्हणजे रेकॉर्डिंगच्या संपादनाचा संगणक किंवा हिशेबाचं असं सॉफ्टवेअर जे ‘नेटवर्कच्या फोल्डरवर मी चालणार नाही’ म्हणून अडून बसतं, तर आयस्कझी घ्या.

फोल्डर जोडणं सोपं आहे, ते आधी संपवू. ‘धिस पीसी’ उघडा, ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडा, एखादं मोकळं अक्षर घ्या. खालच्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा, मग सर्व्हरचं नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि फोल्डरचं नाव. ‘रिकनेक्ट अॅट साइन-इन’समोर खूण करा, म्हणजे रोज पुन्हा जोडावं लागणार नाही. सर्व्हरवर तुमच्यासाठी जे नाव आणि पासवर्ड केले असतील ते द्या. प्रत्येकीला स्वतःचं नाव मागून घ्या. सगळ्यांनी एकच ‘अॅडमिन’ वापरलं की फाईल कुणी पुसली हे कधीच कळत नाही, आणि मग उगाच एकमेकींवर संशय.

आता आयस्कझी. इथे थोडं बसून करावं लागतं.

वायरपासून सुरुवात करा. वाय-फायवर आयस्कझी चालते, पण चालवू नये. सिग्नल थोडा वेळ गेला की संगणकाला वाटतं डिस्क उपटून काढली. सर्व्हर आणि क्लायंट एकाच स्विचला वायरीने जोडा. स्विच गीगाबिटचा आहे ना ते बघा. जुना १०० मेगाबिटचा असेल तर तासाभराचं रेकॉर्डिंग हलवायला जवळजवळ मिनिट लागतं, गीगाबिटवर तेच सहा-सात सेकंदांत होतं. पैशांतला फरक फार नाही.

सर्व्हरचा पत्ता कायमचा हवा. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. राउटर तो कधीकधी आपणहून बदलतो. मग एक दिवस सकाळी डिस्क नाहीशी होते आणि आपण सर्व्हर बिघडला म्हणून माणूस बोलावतो. ज्याने सर्व्हर मांडला त्याला सांगा, ‘भाऊ, याचा पत्ता पक्का करून दे आणि कागदावर लिहून दे.’ तो कागद संगणकाला न चिकटवता कपाटात ठेवा.

यानंतर नाव. आयस्कझीत मागणाऱ्या संगणकाला इनिशिएटर म्हणतात आणि सर्व्हरवरच्या डिस्कला, जिच्याकडे जायचं तिला, टार्गेट. प्रत्येकाला एक लांबलचक नाव असतं. ते आयक्यूएन या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतं, पुढे वर्ष आणि महिना, मग कंपनीचं उलटं लिहिलेलं इंटरनेटवरचं नाव आणि शेवटी यंत्राची ओळख. विंडोजच्या संगणकावर हे नाव १९९१-०५ असं दिसलं तर दचकू नका. तुमचा संगणक १९९१ सालचा नाही, मायक्रोसॉफ्टने आपलं इंटरनेटवरचं नाव नोंदवलं तो तो महिना आहे.

विंडोजच्या शोधाच्या चौकटीत ‘आयस्कझी इनिशिएटर’ इंग्रजीत टाइप करा. पहिल्यांदा उघडताना तो विचारतो, ही सेवा चालू नाही, सुरू करू का? ‘येस’ म्हणा. नवीन काही उतरवून घ्यावं लागत नाही, ते विंडोजमध्येच असतं. ‘कॉन्फिगरेशन’ या पानावर तुमच्या संगणकाचं नाव दिसेल. ते जसंच्या तसं सर्व्हर सांभाळणाऱ्याला पाठवा. एक टिंब इकडेतिकडे झालं तरी दार उघडत नाही, म्हणून हाताने न लिहिता कॉपी करून पाठवा. तो सर्व्हरवर नोंद करेल, की अमुक डिस्क फक्त या नावाच्या संगणकाला.

पण नाव म्हणजे कुलूप नव्हे. नाव कुणीही बदलून घेऊ शकतं. म्हणून पासवर्डही ठेवायचा. त्या व्यवस्थेला चॅप म्हणतात. विंडोजला तो १२ ते १६ अक्षरांचा लागतो. त्याहून लहान दिला की जोडणी नाकारली जाते आणि कारण चटकन उमगत नाही.

आता ‘डिस्कव्हरी’ पानावर जा, ‘डिस्कव्हर पोर्टल’ दाबा, सर्व्हरचा पत्ता द्या. शेजारी ३२६० हा आकडा आपोआप असतो, तो आयस्कझीचा ठरलेला दरवाजा, त्याला हात लावू नका. मग ‘टार्गेट्स’ पानावर या. यादीत डिस्कचं नाव दिसेल, पुढे ‘इनअॅक्टिव्ह’ लिहिलेलं. नाव निवडून ‘कनेक्ट’ दाबा. ‘फेव्हरिट टार्गेट्समध्ये घ्या’ अशा अर्थाची खूण राहू द्या, म्हणजे संगणक बंद-चालू केल्यावर डिस्क आपोआप येईल. ‘मल्टिपाथ’ची खूण करू नका, ती दोन-दोन वायरी असलेल्यांसाठी. ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन चॅपची खूण करा, नाव आणि पासवर्ड द्या. सगळं जमलं तर ‘इनअॅक्टिव्ह’च्या जागी ‘कनेक्टेड’ येतं. यादीच रिकामी असेल तर बहुधा सर्व्हरवर तुमच्या नावाची नोंद झालेली नाही. पत्त्यापाशीच अडलं असेल तर वायर, पत्ता आणि सर्व्हरवरची फायरवॉल, याच क्रमाने बघा.

कनेक्टेड झालं तरी ‘धिस पीसी’मध्ये काही दिसत नाही. इथे पुष्कळ जणी हिरमुसतात. खोलीची किल्ली मिळाली आहे, फळ्या लावायच्या राहिल्या आहेत. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा.

आणि आता हात थांबवा. या खिडकीत संगणक विचारतो, ‘डिस्क इनिशलाइझ करू का?’ किंवा ‘वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ डिस्क अगदी नवी, रिकामी असेल तर हो म्हणायचं. पण ती आधी दुसऱ्या संगणकाला जोडलेली होती, किंवा लिनक्सच्या यंत्राने तिच्यावर लिहिलं होतं, तर विंडोजला त्या फळ्यांची मांडणी ओळखता येईलच असं नाही, आणि मग भरलेल्या खोलीलाही तो रिकामी समजतो. प्रश्न मात्र त्याच गोड आवाजात विचारतो. ‘ओके’ दाबलं की ओव्या गेल्या, इतिवृत्त गेलं. म्हणून एक मिनिट काढा. खिडकीत दिसणारं डिस्कचं आकारमान सर्व्हरवाल्याने सांगितलेल्या आकाराशी जुळतं का? ही डिस्क आजवर कुणी वापरली आहे का? उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर ‘कॅन्सल’ दाबा आणि फोन करा. कॅन्सल दाबल्याने काहीही बिघडत नाही.

नवी आहे याची खात्री झाली की ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर उजवं बटण दाबून ‘ऑनलाइन’ करा, जीपीटी निवडून इनिशलाइझ करा, ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ घ्या, एनटीएफएस ठेवा, अक्षर द्या. आम्ही अशा डिस्कला नाव देताना त्यातच संगणकाचं नाव घालतो, ‘संपादन-संगणकाची डिस्क’ असं. ती कुणाची हे पुढच्या माणसाला उघडल्याबरोबर कळतं. शेवटी पुन्हा आयस्कझीच्या खिडकीत ‘व्हॉल्यूम्स अँड डिव्हायसेस’ पानावर ‘ऑटो कॉन्फिगर’ दाबून ठेवा. डिस्क तयार होण्याआधीच एखादं सॉफ्टवेअर तिला शोधू लागतं आणि अडतं, ते त्यामुळे टळतं.

उबुंटू किंवा दुसरं लिनक्स असेल तर पायऱ्या त्याच, फक्त टाइप करून. उबुंटूत ओपन-आयस्कझी नावाचं पॅकेज घ्यायचं, त्याच्या फाईलमधलं इनिशिएटरचं नाव सर्व्हरला द्यायचं, डिस्कव्हरी करायची, लॉगिन करायचं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. सुरुवातीलाच डिस्क जोडणाऱ्या एफ-स्टॅब या फाईलमध्ये डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडीने करा, कारण एसडीबी, एसडीसी ही नावं बदलतात. आणि त्या ओळीत ‘अंडरस्कोअर नेटडेव्ह’ हा शब्द हवाच. तो नसला तर नेटवर्क उठण्याआधीच संगणक डिस्क मागतो आणि सुरू होतानाच अडकून बसतो.

लिनक्सचा आणखी एक धोका आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘ताई, या संगणकाची हुबेहूब नक्कल दुसऱ्यात टाकून देतो, सगळं तयार मिळेल.’ त्या नकलेत इनिशिएटरचं नावही उतरतं. पासवर्ड साठवलेला असेल तर तोही. मग सर्व्हरला वाटतं दोन्ही संगणक एकच, आणि दोघांनाही आत घेतो. दोन वह्यांची गोष्ट पुन्हा सुरू. नक्कल केलेल्या संगणकाचं नाव वायर लावण्याआधी बदलून घ्या. पुष्कळ नॅसच्या पेट्यांत ‘एकाहून जास्त संगणकांना एकदम जोडू द्या’ अशा अर्थाचीही एक चौकट असते. ती रिकामी आहे ना, हे सर्व्हरवाल्याला विचारून घ्या.

आता विजेचं. आपल्याकडे भारनियमनाशिवाय संगणकाची गोष्ट पुरी होत नाही. बहुतेक ठिकाणी संगणक इन्व्हर्टरवर असतो, सर्व्हरही असतो, आणि दोघांच्या मधला तो पिटुकला स्विच भिंतीतल्या साध्या प्लगवर! वीज गेली की दोन्ही यंत्रं जिवंत, पण मधली वाट बंद. संगणक थोडा वेळ थांबून डिस्कची वाट बघतो आणि मग चूक दाखवून लिहिणं सोडून देतो. तेव्हा स्विचही इन्व्हर्टरवर घ्या. आणि मुलाखत चालू असताना सरळ सर्व्हरच्या डिस्कवर रेकॉर्ड करू नका. आधी संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर करा, संपल्यावर हलवा. मुलाखतीला आलेल्या बाईने मन घट्ट करून एकदा सांगितलेलं तिला परत सांगायला लावणं बरं नाही. यंत्रं सुरू करताना आधी सर्व्हर, मग संगणक. बंद करताना उलट.

अशा मुलाखतींमुळेच पुढची गोष्ट सांगावी लागते. आयस्कझीतून जाणारा मजकूर गुप्त लिपीत नसतो. चॅप फक्त दारावर ओळख विचारतं. वायरीत जे वाहतं ते त्याच नेटवर्कवरचा जाणकार माणूस वाचू शकतो. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल नाव न सांगण्याच्या बोलीवर बोललेली बाई असेल, तर तिचा आवाज पाहुण्यांना देतो त्या वाय-फायच्या नेटवर्कवरून फिरता कामा नये. सर्व्हर आणि असे संगणक वेगळ्या स्विचवर ठेवा. आणि ‘घरून काम करता येईल’ म्हणून कुणी ३२६० चा दरवाजा इंटरनेटवर उघडून देत असेल तर नको म्हणा.

सर्व्हरवर ठेवलं म्हणजे दुसरी प्रत झाली असंही समजू नका. जागा बदलली, प्रत एकच राहिली. सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जात असलं तरी चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून पुसली जाते. बाहेरच्या डिस्कवर आठवड्याला एक प्रत काढून ती दुसऱ्या घरी ठेवलेली बरी.

संगणक बदलायची वेळ आली की डिस्क सोडवायची असते. उघड्या फायली बंद करा, ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्क ‘ऑफलाइन’ करा, मग ‘टार्गेट्स’ पानावर ‘डिस्कनेक्ट’ आणि ‘फेव्हरिट टार्गेट्स’मधून नाव काढा. एवढ्यावर थांबू नका. सर्व्हरवाल्याला सांगून जुन्या संगणकाचं नाव तिथल्या यादीतूनही काढायला लावा आणि चॅपचा पासवर्ड बदलून घ्या. त्यानंतरच नव्या संगणकाचं नाव द्या. नवा संगणक विंडोजचाच असेल तर डिस्क भरलेली, जशीच्या तशी समोर येईल. तो फॉरमॅटचा प्रश्न विचारणार नाही. विचारलाच, तर कुठेतरी चुकीची डिस्क जोडली गेली आहे किंवा आधीच काही बिघडलं आहे. कॅन्सल दाबा आणि फोन लावा.